कामाचा रकाना

आई, आज रविवार. दुपारचे तीन वाजलेत आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या घरातल्या सगळ्या खिडक्या बंद आहेत. नुसती कडी लावलेली नाही. फटींवर कागदी टेप चिकटवलीय, कारण हवा शुद्ध करायचं जे यंत्र आम्ही घेतलंय ते खिडकी जरा किलकिली राहिली तरी लाल दिवा दाखवून घुं घुं करायला लागतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, घर आहे की लोणच्याची बरणी. मी थोड्या थोड्या वेळानं फोनवर हवेचा आकडा बघते. बघून काही करता येत नाही, तरी बघते. सकाळी दात घासायच्या आधी, भाजी फोडणीला टाकल्यावर, लिफ्टमध्ये. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली. तुझ्या वेळी हवेला आकडा नव्हता. तू वॉर्डातून घरी आलीस की चपला काढता काढता म्हणायचीस, "आज आठ नवीन भरती," आणि त्यावरून आम्हाला कळायचं की थंडी सुरू झाली.

सकाळी तुझ्या नातीचा पुण्याहून फोन आला होता. फेब्रुवारीत तिला बाळ होईल. मी म्हटलं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं असतं गं. ती म्हणाली, "आई, डिलिव्हरीला मी तिकडे येणार नाही, तूच इकडे ये. माहेरी साँस तरी घेता यायला हवी ना यार." ती हसत म्हणाली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. तिचं बोलणं लागलं असं नाही, कारण ते खरंच होतं. नोव्हेंबरात माझ्या कामावर जे झालं ते तिला मी सांगितलेलं नाही, हे आठवलं. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. पूर्ण कुणालाच नाही. म्हणून तुला लिहायला बसलेय.

तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरातलं आपलं मागचं अंगण मला अजून दिसतं. बाबा ऑफिसला जायच्या आधी तू तिथे अंगीठी पेटवायचीस. तू तिला शेगडीच म्हणायचीस, आम्ही मुलं मात्र शेजाऱ्यांसारखं अंगीठी. खाली लाकडाच्या ढलप्या, वर गोवरीचा तुकडा, त्याच्यावर दगडी कोळसा. ओळीतल्या प्रत्येक क्वार्टराच्या मागे त्याच वेळी एक एक अंगीठी धुमसत असायची आणि सगळ्यांचा धूर मिळून कौलांच्या उंचीवर एक निळा थर साचायचा. तू नाकाला पदर लावून आम्हाला आत ढकलतेस आणि दार ओढून घेतेस, स्वतः बाहेर राहतेस. मी तिसरीत-चौथीत असेन. एकदा दाराच्या फटीतून मी विचारलं होतं, "तू छातीच्या वॉर्डात नर्स आहेस ना, मग तूच धूर का करतेस?" तू खोकत खोकत हसलीस. "गॅसचा नंबर लागू दे, मग नाही करणार." गॅसचा नंबर पुढे तीन वर्षांनी लागला. आपल्याला धूर वाईट असतो हे कळत नव्हतं असं नाही. ओळीत सगळ्यांत जास्त तुलाच कळत होतं. पण स्वयंपाक रोज करावा लागतो आणि परवडत होता तो कोळसा. दिल्लीच्या हवेबद्दल पुढे मी कितीतरी ट्रेनिंग घेतली, कितीतरी पडद्यांवर कितीतरी आलेख पाहिले. त्या दाराच्या फटीतून जेवढं समजलं होतं त्याच्या फार पलीकडे मी गेले असं मला वाटत नाही.

आणि तो दिवस. आठवीतली माझी हिवाळ्याची सुट्टी होती, बाबा दौऱ्यावर होते, म्हणून तू मला बरोबर हॉस्पिटलात नेलंस. हिंदूरावचा तो चढ चढून जाताना धुक्यात माकडं बसली होती आणि मी तुझा स्वेटर धरून चालत होते. ड्यूटी रूममध्ये बसवून तू मला वॉर्डातल्या पेशंटांची यादी स्वच्छ अक्षरात उतरवायला दिलीस, कारण तुझ्या हिंदीत जागोजागी मराठी 'ळ' यायचा आणि नवे डॉक्टर हसायचे. नाव, वय, पत्ता, काम असे चार रकाने. मी पहिल्या ओळीत कामाखाली 'मजदूर' लिहिलं आणि खाली पानभर टिंबं देत गेले. तू कागद हातात घेतलास आणि तुझा चेहरा बदलला. "ही टिंबं कसली?" मी म्हटलं, सगळे मजूरच तर आहेत. "कसले मजूर? दिवसभर नाकातोंडात काय जातं त्यांच्या? तुला माहितेय? ऊठ. एकेका खाटेपाशी जा आणि विचार." तू मला असं कधी बोलत नसायचीस, त्यात तिथे दोन सिस्टर बसल्या होत्या. माझे डोळे भरून आले, पण मी गेले. रुई पिंजणारा निघाला, वीटभट्टीवरचा निघाला, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीपाशी उभा राहणारा, मैद्याच्या गिरणीतला. खिडकीजवळचा एक म्हातारा म्हणाला, "खेती." मी तसं लिहिलं. तू त्याच्यापाशी आलीस, त्याचा हात हातात घेतलास, उलटा-सुलटा केलास आणि तुझ्या त्या हिंदीत म्हणालीस, "बाबाजी, खेती करनेवाले का हात ऐसा नहीं होता." त्यानं हात काढून घेतला. मग छताकडे बघत म्हणाला, "पत्थर के क्रशर पे था. मालिक बोला, अस्पताल में मत बताना, नहीं तो वापस नहीं रखूँगा." संध्याकाळी उतरताना मी तुला विचारलं, तो पुन्हा तिथेच जाईल का? तू म्हणालीस, "जाईलच. घरी माणसं आहेत त्याची. पण आत काय गेलंय ते डॉक्टरला कळायला नको का?"

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा तू कुणाला बोलली नाहीस, पण तुला आवडलं होतं. पहिली नोकरी साइटवरची होती. बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट तेव्हा मिळत नसत. तू सदर बाजारात जाऊन पुरुषांचे सगळ्यात लहान बूट आणलेस, पुढे कापूस भरलास आणि म्हणालीस, "उभं राहायचं काम आहे, पाय धड पाहिजेत." तीस वर्षं मी उभीच राहिले, आई. पाच-सहा कंपन्या झाल्या. आता गुरुग्राममध्ये एका मोठ्या बिल्डरकडे आहे. माझं काम म्हणजे सेफ्टी आणि पर्यावरण. हिरव्या जाळ्या नीट ताणल्यात ना, रेतीवर पाणी मारलंय ना, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुतलीत ना. आणि गेटवर एक यंत्र असतं, हवेतली धूळ मोजणारं; त्याचा आकडा थेट सरकारी पडद्यावर जातो. तो वाढला की पहिला फोन मला येतो. रात्री जेवताना फोन वाजला तरी घास ठेवून आधी आकडा बघते.

दर थंडीत हवा एका हद्दीबाहेर गेली की बांधकामं बंद करायचा हुकूम येतो. यंदा नोव्हेंबरात आला. आतली नळाची, वायरिंगची, सुतारकामाची कामं चालू ठेवता येतात. खोदकाम नाही, दगड-फरशी कापणं नाही, घासणं नाही. एका सकाळी क्रेन थांबल्या आणि साइट इतकी गप्प झाली की मागच्या वस्तीतल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. कामगार दोन दिवस पत्र्याच्या खोल्यांपुढे बसून होते. दिवसाचं काम केलं तर दिवसाचे पैसे, म्हणजे दिहाड़ी, त्यामुळे बंद म्हणजे त्यांच्यासाठी अगदीच बंद. मला पगार चालू होता. कंपनी मला काम थांबवल्याबद्दलच पगार देते असंही म्हणता येईल.

पाचव्या दिवशी माझ्या केबिनच्या दारात आठ बायका आल्या. मध्य प्रदेशातल्या टीकमगढकडच्या एका गावातल्या, फरशीच्या कामावरच्या. त्यांच्यातल्या चाळिशीच्या एकीला सगळ्या जिज्जी म्हणायच्या, म्हणजे मोठी बहीण. काटक, पान खाणारी, फरशीचे दोन तुकडे एकमेकांवर वाजवून आवाजावरून तडा सांगणारी. साइटवर मला आवडणाऱ्या फार थोड्या माणसांपैकी ती एक. तिनं विचारलं, "मॅडम, काम कब खुलेगा?" मी म्हटलं, हवा सुधरेगी तब. "और हवा कब सुधरेगी?" मी म्हटलं, पता नहीं. ती माझ्याकडे नीट बघत राहिली, मी काही लपवतेय का म्हणून. मग म्हणाली, "बिजली जाती है तो भी कोई बता देता है, कब आएगी."

मग तिनं खरं काम सांगितलं. ज्या कामगारांची सरकारात नोंद आहे त्यांना बंदीच्या दिवसांचा भत्ता मिळणार, असं तिनं ऐकलं होतं. यांची नोंद नव्हती. नोंदीसाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो देत नव्हता. "हम तो दो दिवाली से यहीं हैं. आप रोज़ देखती हैं. बस इतना लिख दो." मी लिहू शकत होते. लेटरहेड माझ्या खणात होतं. पण कंपनीच्या कागदावर एकदा तसं लिहिलं की त्या बायका कंपनीच्या अंगावर येतात, त्यांचा विमा येतो, फंड येतो, उद्या आणखी काही येतं. असले कागद ठेकेदाराच्याच नावानं जायला हवेत अशी वरून सूचना होती. मी म्हटलं, "वो ठेकेदार का काम है, जिज्जी. मैं नहीं लिख सकती." ती म्हणाली, "अच्छा," आणि बाकीच्यांना घेऊन गेली. वादही घातला नाही. मला ते दिवसभर टोचत राहिलं, म्हणून संध्याकाळी मी प्रोजेक्ट मॅनेजरला म्हटलं, या बायकांचं काहीतरी करायला हवं.

तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, मेरठकडचा. वाईट माणूस नाही, आई, हे मी मुद्दाम लिहितेय. त्याच्या मुलीला दम्याचा त्रास आहे. रोज संध्याकाळी तिला वाफ दिली का ते तो फोनवर विचारतो आणि मग पुन्हा साइटच्या कामाला लागतो. डिसेंबरात पहिल्या टॉवरचा ताबा द्यायचा होता. घर घेतलेले लोक रोज फोन करून ओरडत होते, कारण ते भाडंही भरतात आणि कर्जाचा हप्ताही. वरचे लोक मॅनेजरवर ओरडत होते. लॉबीच्या दगडाचं काम तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कटिंग नीचे बेसमेंट में कर लेते हैं. बाहर से कुछ नहीं दिखेगा. आप ही तो कह रही थीं, जिज्जी लोगों का कुछ करो. दिहाड़ी मिल जाएगी बेचारियों को." रोज सकाळी एका कागदावर मी सही करायची असते, की आज साइटवर फक्त परवानगी असलेलीच कामं चालू आहेत. तो कागद त्यानं पुढे सरकवला. मी जे बोलले ते शब्द मला स्पष्ट आठवतात. "धूल बाहर नहीं आनी चाहिए." आणि सही केली. आदल्या दिवशी माझ्याकडे एक खरी सही मागितली होती, ती मी दिली नव्हती. ही खोटी होती, ती मी मिनिटभरात दिली, आणि वर मला वाटलं की मी त्या बायकांवर उपकार केले.

धूळ बाहेर येऊ नये म्हणून रॅम्पच्या तोंडाला जाड प्लास्टिकचे पडदे लावले. पंखे हवा बाहेर फेकतात, म्हणून पंखे बंद. पाणी मारून कापलं तर पांढरा गाळ वाहत बाहेरच्या नाल्यात दिसतो, शिवाय वेळ लागतो, म्हणून कोरडंच कापायचं. यातली एकेक गोष्ट मला विचारून झाली. पहिल्या दिवशी मी खाली उतरले तर दिव्यांभोवती धुक्यासारखी वलयं होती आणि कटरच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. दोन पुरुष कापत होते आणि आठ बायका दगड उचलून देत होत्या, पडलेली भुकटी झाडून गोण्यांत भरत होत्या. माझ्या तोंडाला चांगला मास्क होता. त्यांच्या तोंडाला पदर. मी पाच मिनिटांत वर आले आणि स्टोअरला सांगून मास्क मागवले. आले ते निळे पातळ कागदासारखे. जिज्जी हसून म्हणाली, "ये पहनके तो साँस ही नहीं आती, मॅडम." त्या दिवशी गेटवरच्या यंत्राचा आकडा आजूबाजूच्या सगळ्या सेक्टरांपेक्षा कमी होता. वरून शाबासकीचा मेसेज आला. मी तो दोनदा वाचला आणि घरी जाताना गाडीत मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं, गॅस चालू राहिलाय का, दार उघडं राहिलंय का, असं.

चौथ्या दिवशी दुपारी जिज्जीची नणंद पळत आली. जिज्जी रॅम्पवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढलेले, आणि तिला बोलता येत नव्हतं. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी. साइटची रुग्णवाहिका बोलावली तर अपघाताची नोंद होते. मी त्या दोघींना माझ्या गाडीत घातलं. नोंदीचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला होता, आई. ती मागे बसून श्वास ओढत होती, मला आरशात दिसत होती, आणि मी तो विचार करत होते. सरकारी हॉस्पिटलात गर्दी खूप होती, लहान मुलं, म्हातारे, सगळे खोकणारे. तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं विचारलं, "क्या काम करती हो?" मी तोंड उघडायच्या आत जिज्जीनं मास्क बाजूला केला. "घर पे रहती हूँ. चूल्हे का काम." आणि माझ्याकडे बघितलं. मला आधी वाटलं ती विनवतेय. तसं नव्हतं. ती काम वाचवत होती, आणि त्याबरोबर मलाही. डॉक्टरनं माझ्याकडे वळून विचारलं, "आप कौन?" मी म्हटलं, "जान-पहचान की हूँ." तिनं कागदावर 'चूल्हा' लिहिलं. मी ते उलट्या बाजूनं वाचलं.

पुढचे दोन दिवस मी हॉस्पिटलात गेले नाही. नणंदेला फोन करून विचारत होते, एवढंच. बेसमेंट चालूच होतं आणि सकाळच्या कागदावर माझी सहीही चालू होती. तेही लिहून टाकते. तिसऱ्या दिवशी संत्री घेऊन गेले. नणंदेनं सांगितलं, फोटोत छातीत डाग दिसतायत, टीबी असेल म्हणाले, उद्यापासून त्याच्या गोळ्या सुरू करणार. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. संत्र्यांची पिशवी हाताला काचत होती. तुझा आवाज आला, दिशा दिसली, असं काही झालं नाही. मी फक्त एवढं ठरवलं की डॉक्टर समोरून आली तर सांगायचं, नाही आली तर जायचं. ती आली. मी म्हटलं, ही दगड कापायच्या कामावर होती, कोरडं, बंद तळघरात, चार दिवस. मी त्या साइटवर आहे. डॉक्टरनं जिज्जीचा तो कागद काढला. "ये आप उसी दिन बता सकती थीं." मग म्हणाली, "पत्थर का काम कितने साल से?" मला माहीत नव्हतं. तिला दोन वर्षं रोज बघत होते आणि मला माहीत नव्हतं. मी खाटेपाशी जाऊन विचारलं. जिज्जीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. नणंदेनं सांगितलं: लग्नानंतर आठ वर्षं गावाकडच्या दगडाच्या खाणीत, मग दिल्लीत फरशीवर.

टीबीच्या गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. आधी तपासण्या केल्या, आणि त्या गोळ्या लागल्याच नाहीत. फुप्फुसात दगडाची भुकटी बसली होती, वर्षानुवर्षांची, आणि त्या चार दिवसांनी तिला उसळी आणली. हा आजार बरा होत नाही, डॉक्टर म्हणाली, वाढू द्यायचा नाही एवढंच. आता धुळीचं काम कधीच नाही. दहा दिवसांनी सोडलं तेव्हा मी न्यायला गेले. जिज्जी पायऱ्यांवर बसून श्वास जमवत होती. म्हणाली, "आपने मेरा काम लिखवा दिया, मॅडम. अब काम कौन देगा?" मी म्हटलं, जान तो बची. तिनं मान हलवली. "बची. पर जान को बैठाके खिलाएगा कौन?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरला सांगितलं त्याच संध्याकाळी मी हेड ऑफिसला एक पानभर लिहून दिलं होतं, की दगड कुठे आणि कसा कापला जातोय आणि रोजच्या कागदावर सही माझी आहे. दुसऱ्या दिवशी बेसमेंट बंद झालं. माझ्यावर कुणी ओरडलं नाही. मॅनेजर माझ्याशी बोलायचा थांबला, एवढंच. एकदा जिन्यात म्हणाला, "मेरे घर में भी एक खाँसती है, मॅडम, मैं राक्षस नहीं हूँ." मी म्हटलं, माहितेय. ठेकेदारानं मात्र आठही बायकांना काढलं. खोकणाऱ्या बायका नकोत म्हणाला, उद्या आणखी एखादी पडेल. तेव्हा मी लेटरहेड काढलं आणि कुणाला न विचारता आठ दाखले लिहिले. ते घेऊन त्या कामगार नोंदणीच्या सरकारी खिडकीवर गेल्या तर कळलं, भत्ता ज्यांची नोंद बंदीच्या आधी झाली होती त्यांनाच. दोन दिवसांनी निजामुद्दीनहून त्या गावाकडे गेल्या. मी स्टेशनवर गेले नाही. मग एक दिवस वारा सुटला, आकडा उतरला, हुकूम मागे घेतला. लॉबीचा दगड दुसऱ्या ठेकेदारानं बसवला, या वेळी पाणी मारून. वेळ लागला तीन दिवस जास्त. फक्त तीन, आई. ताब्याच्या दिवशी दाराला झेंडूची तोरणं होती आणि एक म्हातारे गृहस्थ त्या फरशीवर अनवाणी चालून बघत होते, खूश होते. त्यांचा तरी काय दोष.

मला आता साइटवरून उचलून टॉवरमधल्या ऑफिसात बसवलंय, चौदाव्या मजल्यावर. शिक्षा आहे की बढती, कुणी स्पष्ट सांगितलं नाही. तिथली हवा यंत्रातून गाळून येते. बाहेरून आलेली माणसं दारातच मोठा श्वास घेतात. मी काचेतून खाली बघते. एकाच वेळी दहा-बारा साइट दिसतात, आणि प्रत्येकीवर आत्ता कोण काय झाकतंय ते मला इथूनही सांगता येईल. कोरडं कापलं तर स्वस्त पडतं. रबर जाळलं तर स्वस्त पडतं. जुना जनरेटर नव्यापेक्षा स्वस्त पडतो. त्या स्वस्ताईची उरलेली किंमत कुणीतरी छातीत भरून घेतं आणि टीकमगढच्या गाडीत बसतं. हे मला कळतं आणि तरी महिनाअखेरीला पगार आला की बरं वाटतं, कारण नातवंडासाठी पुण्याला जायचंय, आणि हे घर विकून तिकडे जावं म्हटलं तर या हवेतलं घर घेणारा कोण, त्याची वेगळीच काळजी. रोज सकाळी उठले की आधी स्वतःचा श्वास ऐकते. मग नवऱ्याचा. मग फोन उचलते.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं तू माझी समजूत घातली नसतीस. 'तीन दिवस उशिरा का होईना, सांगितलंस ना' असलं तू म्हणणारी नव्हेस. तू विचारलं असतंस, ती आता काय खाते?

हे पत्र तुला पोचणार नाही, आणि म्हणूनच ते तुला लिहिणं सोपं गेलं. खरं तर ज्या बाईला लिहायला हवं ती जिवंत आहे. वाचता येत नाही तिला, पण फोन आहे, नंबर माझ्याकडे आहे, चालू आहे. मी तो दोनदा लावला. दोन्ही वेळा तिनंच उचलला, "हॅलो, कौन?" म्हणाली, मध्ये थोडा दम खायला थांबली, पुन्हा "हॅलो" म्हणाली, आणि मी काही न बोलता ठेवून दिला. ती मला शिव्या देईल याची मला भीती नाही, आई. ती माझा आवाज ओळखेल आणि विचारेल, "काम खुल गया, मॅडम? आ जाऊँ?" त्याची आहे.